बेचाळिसाव्या दिवसानंतर

महाराष्ट्रातील सर्व स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिशियन आणि हृदयरोगतज्ज्ञ डॉक्टरांना,



पत्रास कारण असं की २०१९च्या मे महिन्यात, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, माझ्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवावा लागला. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. उपचार उत्तम झाले, माणसंही चांगली होती, त्याबद्दल तक्रार नाहीच. तक्रार आहे ती आदल्या रात्री आयसीयूच्या दारात एका तरुण डॉक्टरांनी भरून घेतलेल्या फॉर्मबद्दल. शुगर आहे? नाही. बीपी? सात वर्षांपासून, गोळी चालू. तंबाखू, मिश्री? कधीच नाही. वडिलांना, भावांना हार्टचा त्रास? नाही. पाळी कधी गेली? दोन वर्षं झाली. मग मीच आपणहून सांगितलं, "पहिल्या बाळंतपणात आठव्या महिन्यात माझं बीपी एकशेसत्तरवर गेलं होतं." त्यांनी पेन न टेकवता मान हलवली. "ते प्रेग्नन्सीतलं, मावशी. ते वेगळं."

ते वेगळं नव्हतं. पुढे सक्तीची विश्रांती मिळाली तेव्हा वाचून काढलं, तेव्हा हे कळलं. जे मला डॉक्टरांकडून कळायला हवं होतं, ते स्टेंट बसल्यावर वाचून कळावं, याचा राग अजून गेलेला नाही. म्हणून हे पत्र.

मी माध्यमिक शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. चार कप्प्यांच्या हृदयाची आकृती फळ्यावर किती वेळा काढली असेल, मोजदाद नाही. पण पाठ्यपुस्तकातलं ते हृदय कधीच गरोदर नव्हतं. आपल्याकडे पोटुशी बाई 'दोन जिवांची' असते आणि या शब्दाचा सगळा अर्थ आपण ताटात काढतो. हृदयाचा हिशेब कुणी करत नाही. तुम्हाला तो पाठ आहे, तरी इथे लिहिते, कारण हे पत्र तुमचे पेशंटही वाचतील. दिवस भरत आले की बाईच्या अंगातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढलेलं असतं. त्यात पाण्याचा भाग जास्त वाढतो आणि तांबड्या पेशी त्या मानाने कमी, म्हणून रक्त पातळ होतं. एरवी हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त ढकलतं, ते सात लिटरच्या आसपास जातं. ठोके दहा-वीसने वाढतात. कळा सुरू झाल्या की गर्भाशयाच्या प्रत्येक आकुंचनासरशी तीनशे ते पाचशे मिलिलिटर रक्त एकदम मूळ अभिसरणात येऊन पडतं. आणि सगळ्यात मोठा लोंढा येतो तो बाळ बाहेर आल्यावर. गर्भाशय आवळतं, मोठ्या शिरेवरचा दाब उठतो आणि बाहेर नातेवाईक पेढे आणायला पळालेले असतात त्याच वेळी आत हृदय सगळ्यात जास्त राबत असतं.

तुमच्यातलेच काही जण गरोदरपणाला हृदयाची 'स्ट्रेस टेस्ट' म्हणतात. ट्रेडमिलवरची टेस्ट दहा-बारा मिनिटांत उरकते, ही नऊ महिने चालते. बहुतेक बायका त्यात पास होतात. काहींच्या रक्तवाहिन्या नापासाची चिठ्ठी देतात. वीस आठवड्यांनंतर बीपी १४०/९०च्या वर, लघवीतून प्रथिनं, अंगावर सूज, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया. माझ्या फाइलीत 'अल्ब्युमिन' या शब्दापुढे दोन अधिक चिन्हं आहेत. १९९५ साली ती चिन्हं म्हणजे काय, हे मला कुणी सांगितलं नाही. बीपी जास्त आहे, मूल लवकर काढावं लागेल, एवढंच सांगितलं. चौतिसाव्या आठवड्यात सिझेरियन झालं. मुलगी, वजन एक किलो नऊशे ग्रॅम. दहा दिवसांनी डॉक्टर हसून म्हणाले, "बीपी उतरलं, आता काही काळजी नाही."

माझं म्हणणं एवढंच की टेस्ट झाली होती, रिपोर्टही आला होता. तो गेला कुठे?

कारण तोपर्यंतची काळजी मिटली हे खरं असलं, तरी पुढची तिथेच सुरू झाली होती. ज्या बाईला गरोदरपणी प्रीएक्लॅम्प्सिया झाला, तिला पुढच्या आयुष्यात हृदयविकार आणि पक्षाघात होण्याचा धोका इतर बायकांच्या सुमारे दुप्पट असतो, हृदय निकामी होण्याचा चौपट. अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून काढलेले हे आकडे आहेत. अमेरिकन हार्ट असोसिएशनने तर २०११ सालीच स्त्रियांच्या हृदयविकाराच्या जोखमींच्या यादीत गरोदरपणातलं वाढलेलं बीपी आणि गरोदरपणातला मधुमेह यांची नावं घातली. माझा फॉर्म भरला गेला तो त्यानंतर आठ वर्षांनी. २००३ साली बोस्टनमध्ये अनंत करुमंची यांच्या गटाने दाखवलं की या आजारात वारेतून एक प्रथिन प्रमाणाबाहेर सुटतं आणि ते आईच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतं. वार बाहेर पडली की मूळ कारण जातं. पण अस्तराने सोसलेलं सगळंच पुसलं जातं, असं मानायला आधार नाही. आणि काहींच्या रक्तवाहिन्या आधीपासूनच नाजूक असतात, गरोदरपण फक्त ते उघड करतं. कारण यातलं कुठलंही असो, बाईच्या हातात एक आगाऊ सूचना आलेली असते. वीस-पंचवीस वर्षं आधी! एवढा अवधी पुरुषांच्या हृदयविकारात तुम्हाला कधी मिळतो का, सांगा.

आता माहेरचा विषय. हा तुमच्या इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही, म्हणून जरा तपशिलात लिहिते.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळेजेवण झालं की मुलगी माहेरी जाते. म्हणजे पहिले सहा महिने तिला तपासणारे डॉक्टर एका गावात, बाळंतपण करणारे दुसऱ्या गावात आणि सव्वा महिन्यानंतर ती परत पहिल्या गावात. कागद मात्र जिथले तिथेच. मी पुण्यात नांदत होते, माहेर एका तालुक्याच्या गावी. माझी ती फाइल आईने तिच्या लोखंडी ट्रंकेत लुगड्यांच्या घडीखाली जपून ठेवली, दागिन्यांसारखी. १९९९ साली दुसऱ्या खेपेला मी पुण्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, तेव्हा त्यांनी विचारलं, "पहिलं सिझर का झालं होतं?" मी म्हटलं, "बीपीमुळे." बीपी किती, कितव्या आठवड्यात, लघवीत काय निघालं, यातलं काही मला सांगता येईना. त्यांनी 'बीपी' एवढंच लिहून घेतलं आणि पुढचा पेशंट बोलावला. दुसऱ्या खेपेलाही बीपी चढलं, सुदैवाने अखेरच्या आठवड्यात.

तेव्हा त्यांच्या हातात फारसा उपाय नव्हता, हे कबूल. आज आहे. अशा बाईला सोळा आठवड्यांच्या आत रोज अॅस्पिरिनची लहान गोळी सुरू केली, तर पुन्हा तसाच प्रकार होण्याची शक्यता कमी होते. जोखीम असलेल्या बायकांवर मुख्यतः युरोपात झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, दिवस भरण्याच्या बरंच आधी होणारा प्रीएक्लॅम्प्सिया साठ टक्क्यांहून अधिक घटला. गोळी स्वस्त, गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळणारी. पण ती कुणाला द्यायची, हे कळायला जुनी फाइल समोर हवी आणि ती ट्रंकेत असते. शिवाय पाचव्या महिन्यात पहिल्यांदा दवाखान्याची पायरी चढलेल्या बाईला ती देऊन फारसा उपयोग नसतो.

म्हणून विनंती अशी: डिस्चार्ज देताना एका स्वतंत्र कागदावर, मराठीत, चार ओळी लिहून द्या. सगळ्यात जास्त बीपी किती होतं, कितव्या आठवड्यात, शुगर होती का, आणि 'पुढच्या गरोदरपणात तिसरा महिना संपायच्या आत हा कागद डॉक्टरांना दाखवणे.' त्याखाली आणखी एक ओळ: 'वर्षातून एकदा बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल तपासणे, आयुष्यभर.' माता-बाल संरक्षण कार्ड आहे, हे मला माहीत आहे. पण लस संपली की ते कार्ड फडताळात जातं. हा कागद बाईचा असू दे, बाळाचा नको.

धाप लागण्याबद्दलही बोलायचं आहे. 'पोटुशी बाई धापा टाकणारच' हे वाक्य आमच्या आज्या म्हणायच्या, त्याचं मला काही वाटत नाही. ते तुमच्या केबिनमध्ये ऐकू येतं तेव्हा भीती वाटते. आपल्या देशात लहानपणच्या सांधेतापाने हृदयाची झडप आकसलेल्या मुली अजून आहेत. लग्न होईपर्यंत त्यांना काही त्रास नसतो. सहाव्या-सातव्या महिन्यात रक्त वाढतं, तेव्हा ती अरुंद झडप पुरी पडत नाही. त्यात गरोदर बायकांमधला अॅनिमिया. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांचं हिमोग्लोबिन कमी भरलं. दम लागायला साधी कारणं पुष्कळ असतात. त्या गर्दीत गंभीर कारण लपून बसतं.

आमच्या शाळेतल्या एका शिपाईबाईंची सून बाळंत होऊन तीन आठवडे झाले होते. आडवं झालं की खोकल्याची उबळ यायची. चार रात्री ती भिंतीला टेकून बसून झोपली. घरचे म्हणाले, वारं लागलं. गावच्या डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं. पायावर बोट दाबलं की खळगा पडायचा, तो सगळ्यांनी पाहिला होता आणि बाळंतिणीला सूज असतेच म्हणून सोडून दिला होता. शेवटी टूडी इको झाली, तेव्हा कळलं की हृदयाचा स्नायूच ढिला पडला आहे. हा आजार शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतरच्या पाचव्या महिन्यापर्यंत केव्हाही होऊ शकतो. म्हणजे नेमक्या अशा काळात, जेव्हा घरातले सगळे बाळाकडे बघत असतात. ती मुलगी वाचली. आडवं झोपता येतं का, रात्री उशा किती लागतात, हे दोन प्रश्न विचारायला किती सेकंद लागतात, ते मी घड्याळ लावून बघितलं. सहा.

तुमची ओपीडी मला माहीत आहे. एका सकाळी ऐंशी पेशंट, बाहेर नंबरावरून भांडणं, आत नातेवाइकांचा ताप. त्यातूनच तुम्ही महाराष्ट्रातलं मातामृत्यूचं प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे ३३पर्यंत खाली आणलंत. २०१८-२०चा हा आकडा आहे आणि त्या वेळी देशाचा आकडा ९७ होता. हे लहान काम नाही, त्याबद्दल हात जोडते. पण हा आकडा मोजतात कसा, तेही पाहा. गरोदरपणात आणि ते संपल्यापासून बेचाळीस दिवसांच्या आत, त्या कारणाने झालेला मृत्यू त्यात धरतात. त्रेचाळिसाव्या दिवशी बाई त्या वहीतून बाहेर. पन्नासाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेली, तर तिचा आणि तिच्या बाळंतपणाचा संबंध कुठल्याच वहीत लागत नाही.

आणि त्या बेचाळीस दिवसांतही एक भगदाड आहे. बाळंतपणानंतर बीपी सगळ्यात वर जातं ते साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवशी. सरकारी दवाखान्यात नॉर्मल बाळंतपणाला अठ्ठेचाळीस तासांनी घरी सोडतात. म्हणजे बीपी चढतं तेव्हा बाई घरी पाचवीच्या पूजेच्या तयारीत असते. आशाताई तिसऱ्या आणि सातव्या दिवशी घरी येतात, बाळाचं वजन करतात, ताप बघतात. आईच्या दंडाला पट्टा बांधायचं कामही त्यांच्याकडे नीट सोपवावं, यंत्र द्यावं, शिकवावं आणि त्याचा मोबदलाही द्यावा. शासनदरबारी तुमच्या संघटनांचं ऐकतात, आमचं कोण ऐकणार?

बालरोगतज्ज्ञांना वरच्या मायन्यात घेतलं नाही, ती चूक इथे सुधारते. बाई स्वतःसाठी दवाखान्यात येत नाही, पण बाळाच्या लसीला चुकत नाही. दीड महिना, अडीच, साडेतीन, नववा महिना, मग दीड वर्ष. पाच वेळा ती तुमच्या दारात उभी असते. बाळ काट्यावर असतं तेवढ्यात आईचं बीपी बघून होईल. ज्यांना गरोदरपणी शुगर निघाली होती, त्यांची ग्लुकोज पिऊन करायची तपासणीही सहा आठवड्यांनीच करायची असते, म्हणजे दीड महिन्याच्या लसीच्याच सुमाराला. या बायकांना पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा सात-दहा पटींनी जास्त, आणि तरी ती दुसरी तपासणी फार थोड्या जणी करतात.

फिजिशियन मंडळींना वेगळं सांगते, कारण फॉर्म तुमचा. तिशीनंतरच्या सगळ्यांसाठी आशाताई घरोघरी जी प्रश्नावली भरतात, तिच्यात धोक्याचे गुण मिळतात ते वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घरातल्यांचे आजार यांना. वडिलांचं बीपी विचारतात. बाईच्या स्वतःच्या गरोदरपणातलं तिचं स्वतःचं बीपी मात्र त्या गुणांत येत नाही. फॉर्मवर एक चौकोन वाढवायला दिल्लीहून आदेश यावा लागेल. तुमच्या केबिनमध्ये विचारायला तोही लागत नाही.

आता पेशींच्या वयाबद्दल. हे माझ्या भाचीमुळे सुचलं. तिने मला एका डॉक्टरांनी स्टेटसला ठेवलेली बातमी दाखवली: 'गरोदरपणामुळे स्त्री दोन वर्षांनी म्हातारी होते.' लग्नाला सहा महिने झालेली मुलगी, विचारते, "खरंच का गं, मावशी?" स्टेटस ठेवणाऱ्याने दोन ओळींचा खुलासा दिला असता, तर मला तासभर बोलावं लागलं नसतं.

बैलाचं वय दातांवरून ओळखतात, तसं पेशींचं वय डीएनएवर चिकटलेल्या बारीक रासायनिक खुणांवरून काढण्याची पद्धत गेल्या दहा-बारा वर्षांत आली आहे. २०२४ साली येल विद्यापीठातल्या संशोधकांनी ११९ गरोदर स्त्रियांचं रक्त तपासलं. पहिल्या महिन्यांपासून अखेरपर्यंत हे वय एक-दोन वर्षांनी पुढे सरकलं, इथपर्यंत बातमी बरोबर. पण बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी ते पुन्हा मागे आलं, काहींचं तर आधीपेक्षाही बरंच मागे. केवळ अंगावर पाजणाऱ्या आयांचं जास्त उतरलं, गरोदरपणाआधी वजन जास्त असलेल्यांचं कमी. बातमीत ही दुसरी बाजू नव्हतीच. त्याच सुमारास फिलिपिन्समधल्या सेबू बेटावरच्या ८२५ तरुण स्त्रियांच्या अभ्यासात प्रत्येक गरोदरपणामागे दोन-तीन महिन्यांचं जास्तीचं वय दिसलं. त्यांच्याच वयाच्या पुरुषांत, कितीही मुलांचे बाप असोत, काही फरक नाही. (हे वाचून आमच्या ह्यांनी पेपर घडी करून ठेवला.) आणि ग्वाटेमालातल्या खेड्यांमधल्या ७५ स्त्रियांच्या जुन्या अभ्यासात तर उलटंच निघालं होतं. ज्यांची जास्त मुलं जगली, त्यांच्या गुणसूत्रांची टोकं जास्त लांब, म्हणजे त्या मापाने पेशी तरुण. नातलगांचा आधार हे त्याचं एक कारण असावं, असा संशोधकांचा तर्क होता. मोजायची पट्टी वेगळी, गाव वेगळं, बायकांचं वय वेगळं, म्हणून उत्तरंही वेगळी.

भाचीला मी सांगितलं की शरीर वाकतं आणि बहुतेकींचं परत सरळ होतं. कुणाचं होत नाही आणि का, हा खरा प्रश्न आहे. तो सोडवणारे सोडवतील. तुम्हाला विनंती एवढीच की 'जैविक वय' सांगणारी महागडी पाकिटं लॅबवाल्यांनी आणली, तर ती बाळंतिणींना लिहून देऊ नका. बीपीचा पट्टा आज त्यांच्या कामाचा आहे.

जाता जाता झोपेचं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने हृदय जपायच्या सात गोष्टींत २०२२ साली आठवी घातली, ती झोप. रात्रीतून चार वेळा उठणाऱ्या बाळंतिणीला कुणी ही यादी वाचून दाखवली, तर ती हसेल किंवा रडेल. पण 'वजन वाढलंय' म्हणून तिला झापण्याआधी रात्री बाळाला कोण घेतं, एवढं तिच्या नवऱ्याला समोर बसवून विचारा. डिंकाच्या लाडवांवर सगळं ढकलू नका.

माझी ती एक किलो नऊशे ग्रॅमची मुलगी आता तीस वर्षांची आहे आणि तिला तिसरा महिना लागला आहे. आईला गरोदरपणी प्रीएक्लॅम्प्सिया झाला असेल, तर मुलीलाही होण्याचा संभव वाढतो. म्हणून गेल्या आठवड्यात ती पिवळी पडलेली फाइल घेऊन मी तिच्याबरोबर तिच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. वयाने माझ्या मुलीएवढ्याच. त्यांनी कार्बन कॉपीवरचं पुसट अक्षर खिडकीजवळ नेऊन वाचलं, मुलीच्या केसपेपरवर तीन ओळी लिहिल्या, गोळी लिहून दिली. फाइल परत देताना मला म्हणाल्या, "काकू, तुमचं बीपी शेवटचं कधी बघितलं होतं? बसा जरा, हात द्या."

आपली नम्र,
फाइल जपून ठेवलेली एक पेशंट
पुणे